सोसणं हा उपचार नव्हे

मैत्रिणींनो,

'दुष्परिणाम' हा शब्द आपल्या चळवळीला नवा नाही. १९८६ साली हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची 'सहेली' आणि त्यांच्या सोबतिणी नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा मुद्दा हाच होता. बाईच्या शरीरात काय सोडलं जातंय, त्याने तिला काय काय होऊ शकतं, हे तिला कुणी सांगितलं का? पाळीचं चक्र बिघडणं, अंगावरून जास्त जाणं याला 'किरकोळ त्रास' म्हणणाऱ्यांना आपण विचारलं होतं की, किरकोळ कुणासाठी?

कॅन्सरच्या उपचारांबाबत मात्र हा प्रश्न आपण फारसा विचारला नाही. त्याला कारणही आहे. तिथे औषध नाकारण्याचा प्रश्न नव्हता. तिथे औषध जीव वाचवत होतं. समोर मरण उभं असताना उलट्यांची आणि केसांची तक्रार काय करायची, असं आजारी बाईलाही वाटतं, घरच्यांनाही वाटतं, आणि कधी कधी आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनाही. 'जीव वाचतोय ना, मग थोडं सोसायचं', हे वाक्य इतक्या मायेने म्हटलं जातं की त्यातली धमकी ऐकूच येत नाही.

पण ज्या स्त्रियांना हे ऐकावं लागतं त्यांची संख्या थोडीथोडकी नाही. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा आणि सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना गर्भाशयमुखाचा, म्हणजे आपल्या बोलीत पिशवीच्या तोंडाचा, कॅन्सर झाला. यातल्या बहुतेकींच्या वाट्याला शस्त्रक्रिया, केमो, शेक किंवा वर्षानुवर्षं चालणाऱ्या गोळ्या यांतलं काही ना काही येतंच. म्हणून या अंकात आपण कॅन्सरबद्दल नव्हे, तर त्याच्या उपचारांच्या त्रासाबद्दल बोलणार आहोत. आमचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: हा त्रास सोसणं हा बाईचा गुण नाही, आणि तो सांगणं ही कुरकुर नाही, तो सांगणं हा उपचाराचाच भाग आहे.

आधी त्रास का होतो ते समजून घेऊ. केमोची बरीचशी औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतात. पण केसांची मुळं, तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज, जिथे रक्त तयार होतं, तिथल्या पेशीही तशाच असतात. म्हणून केस जातात, तोंड येतं, जुलाब होतात, रक्तातल्या पेशी कमी होतात. याचा बाईच्या पूर्वजन्मीच्या पापाशी, तिच्या मन खंबीर असण्या-नसण्याशी संबंध नाही. दोघींना एकच औषध दिलं तरी एकीला फार त्रास होतो, दुसरीला कमी. जिला जास्त होतो ती 'नाजूक' नसते.

आता उलट्यांचंच पाहा. केमो म्हणजे बादली उशाशी घेऊन पडून राहणं, हे चित्र आपल्या मनात पक्कं बसलंय, आणि एके काळी ते खरंही होतं. १९९० नंतर ऑन्डॅनसेट्रॉनसारखी औषधं आली आणि चित्र बदलू लागलं. आता ज्या केमोने हमखास उलट्या होतात तिच्यासाठी तीन-चार औषधं मिळून आधीच देतात. उलटी झाल्यावर थांबवण्यापेक्षा ती होऊच न देणं सोपं असतं. त्यांतलं ओलान्झापिन हे औषध मुळात मानसिक आजारांवरचं. चिठ्ठीवर ते पाहून 'मला वेडी ठरवलं की काय' असं कुणाला वाटू नये म्हणून हे सांगतोय. ते स्वस्त आहे, पण त्याने दिवसभर गुंगी येते. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरच्या डॉक्टरांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत दिसलं की, नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅमची गोळी दिली तरी उलट्या तितक्याच आटोक्यात राहतात आणि गुंगी बरीच कमी येते. ही महागडी परदेशी जादू नव्हे. आपल्याच परळच्या संस्थेने आपल्याच पेशंटकडे नीट लक्ष देऊन काढलेलं उत्तर आहे. तरीही कितीतरी बायका घरी गेल्यावर तीन-तीन दिवस ओकत राहतात आणि पुढच्या खेपेला 'कसं काय?' विचारल्यावर 'बरं आहे' म्हणतात. का? डॉक्टरांना वेळ नाही, मागे रांग आहे, सोबत आलेला दीर घड्याळ बघतोय, आणि लहानपणापासून शिकवलंय की, आपलं दुखणं चारचौघांत उगाळू नये.

हे 'बरं आहे' जिवावर बेतू शकतं. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. एरवी अंगावर काढता येईल असा संसर्ग त्या दिवसांत काही तासांत सगळ्या शरीरात पसरू शकतो. म्हणून हा एक नियम प्रत्येक घरात ठाऊक हवा: केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियसवर गेला किंवा थंडी वाजून आली, तर तेव्हाच दवाखाना गाठायचा. रात्रीचे दोन वाजले असले तरी. आधी तापाची गोळी घेऊन सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. गोळीने ताप झाकला जातो, संसर्ग नाही. घरात थर्मामीटर हवाच. आणि ज्या दवाखान्यात जाल तिथे पहिलं वाक्य हे सांगायचं: 'माझी केमो चालू आहे.' घरात पाहुणे आहेत, सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आहे, रात्री गाडीला पैसे नाहीत, म्हणून अंगावर काढलेला ताप हा त्याग नाही, तो आपल्या जिवाशी खेळ आहे.

काही दुष्परिणाम असे आहेत की जे बाईच्या कामामुळे वाढतात. हे औषधाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. पण बाईचं काम काय असतं ते त्या पुस्तकाला माहीत नसतं. कॅपेसिटाबिनच्या गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होतात, जळजळतात, सोलतात. सल्ला असा असतो की, हातापायांवर घर्षण नको, फार गरम पाण्यात हात नकोत. जिला चार घरची भांडी घासून पोट भरायचं आहे, जी चुलीपुढे भाकरी थापते, जी अनवाणी खुरपायला जाते, तिने हा सल्ला कुठे ठेवायचा? ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधानंतर काही दिवस गार वस्तूला हात लावला तरी बोटांत करंट बसल्यासारखं होतं, गार पाणी प्यायलं तर घसा आवळतो. पहाटेचं नळाचं पाणी भरायचं कुणी? पॅक्लिटॅक्सेलने बोटं बधिर होतात, मुंग्या येतात. विळीवर बोट कापलं तरी लवकर कळत नाही. काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला सूज येऊ शकते. तिथे व्यायाम नेमाने हवा, वजन हळूहळू वाढवत न्यायला हवं, साधं खरचटलं तरी दुर्लक्ष नको.

इथेही उपाय आहेत. दिल्लीच्या एम्समध्ये २६४ पेशंटवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दुखऱ्या सांध्यांना लावतात ते डायक्लोफिनॅकचं साधं जेल हातांना रोज दोनदा लावल्यावर कॅपेसिटाबिनचा मध्यम ते तीव्र त्रास सुमारे ४ टक्के पेशंटना झाला. नुसतंच जेल लावणाऱ्यांत तो १५ टक्के होता. तुमच्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा. डोस कमी करणं, दोन खेपांमधलं अंतर वाढवणं हेही डॉक्टरांच्या हातात असतं. पण जेल लावलेल्या हातांनी लगेच भांडी घासायची असतील तर जेल काय करणार? म्हणजे प्रश्न पुन्हा घरातल्या कामाच्या वाटणीपाशीच येतो. केमोच्या काळात नवऱ्याने पाणी भरणं, मुलाने कपडे धुणं ही 'मदत' नव्हे. तो औषधोपचार आहे, आणि चिठ्ठीवर लिहून द्यावा इतका महत्त्वाचा आहे. त्यातही एक खबरदारी: केमोनंतर पहिले दोन दिवस पेशंटची उलटी, लघवी, शौच यांतून औषधाचा अंश बाहेर पडतो. ते साफ करणाऱ्याने हातमोजे घालावेत, ते कपडे वेगळे धुवावेत. हे काम बहुधा मुलीच्या किंवा सुनेच्या गळ्यात पडतं, आणि तिला हे कुणी सांगत नाही.

खाण्याचंही तसंच. तोंड आलेलं असतं, जिभेला लोखंडाची चव येते, वासाने मळमळतं. अशा वेळी मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या दिवसातून चार-पाच वेळा, मऊ ब्रश, तिखट-आंबट बंद. मऊ भात, मुगाची खिचडी, नाचणीची पेज, उकडलेलं अंडं, थोडं थोडं आणि वारंवार, हे सगळं जमण्यासारखं आहे. जुलाब होत असतील तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. आणि नेहमीपेक्षा चार-पाच वेळा जास्त जावं लागलं तर डॉक्टरांना कळवायचं. उलटीच्या औषधांनी उलट बद्धकोष्ठही होतो. तेही सांगायचं, लाजायचं नाही. पण वारंवार खायचं म्हणजे सर्वांच्या आधी, सर्वांच्या मध्ये खायचं. सगळ्यांची पानं उचलून मग उरलंसुरलं खाणारीला हे फार अवघड जातं. त्यात संकष्टी, गुरुवार, श्रावणी सोमवार आणि बरी होण्यासाठी बोललेले नवस. ज्या शरीराला झिजलेल्या पेशी पुन्हा उभारायच्या आहेत त्याला उपाशी ठेवून कोणता देव प्रसन्न होईल? कुणी सांगितलेले काढे, भस्मं, पुड्या यांचंही असंच. निदान डॉक्टरांना न सांगता घेऊ नका. काही गोष्टी केमोच्या औषधात ढवळाढवळ करतात, काही आधीच थकलेल्या यकृतावर भार टाकतात.

केसांबद्दल बोलायलाच हवं. 'केस काय, परत येतील', हे खरं आहे. उपचार संपल्यावर काही महिन्यांत ते बहुतेक परत येतात. पण बाईचं रडू हे नटव्या हौसेचं रडू नसतं. ज्या समाजात विधवेचं केशवपन होत होतं, ज्याविरुद्ध १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनीच विधवांवर वस्तरा चालवणार नाही असा निर्धार केला, त्या समाजात बाईच्या उघड्या डोक्याचा अर्थ अजून पुसला गेलेला नाही. गजऱ्याविना, केसांविना बाई दिसली की नजर खाली जाते. हळदीकुंकवाला तिला बोलावणं टळतं. 'तिला त्रास नको' असं म्हणतात. त्रास कुणाला नको असतो ते तिला कळतं. अमेरिकेतली कृष्णवर्णीय कवयित्री ऑड्रे लॉर्ड हिने १९८० साली आपल्या स्तनाच्या कॅन्सरबद्दल पुस्तक लिहिलं. शस्त्रक्रियेनंतर तिने खोटा स्तन लावायला नकार दिला, तर दवाखान्यातल्या नर्सने तिला सुनावलं की, असं आल्याने इथलं मनोबल खचतं. म्हणजे आजारी बाईने इतरांना बरं वाटावं म्हणून सजायचं! टोप घालायचा, पदर घ्यायचा, रुमाल बांधायचा की उघड्या डोक्याने फिरायचं, हे तिने ठरवावं. आपण एवढं करू शकतो: आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात तिला पुढच्या रांगेत बसवू शकतो, आणि तिच्या डोक्याकडे नव्हे, तिच्याकडे पाहू शकतो.

आणि आता ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी ओटीपोटात शेक दिल्यावर योनिमार्ग कोरडा पडतो, आक्रसतो, त्याच्या भिंती चिकटू शकतात. त्यासाठी डायलेटर वापरायला शिकवतात. ते केवळ शरीरसंबंधासाठी नव्हे. पुढे वर्षानुवर्षं तपासणी नीट करता यावी यासाठीही ते लागतं. पण शिकवायचं कुणी, कुठे? पडदाही नसलेल्या ओपीडीत, चार शिकाऊ डॉक्टरांसमोर? पाळी एकाएकी कायमची जाते, तिशीतल्या बाईला पन्नाशीचे ताप सुरू होतात. पुढे मूल हवं असेल तर बीज किंवा गर्भ गोठवून ठेवण्याबद्दल उपचारांच्या आधी विचारावं लागतं. नंतर बहुधा उशीर झालेला असतो. लग्न न झालेल्या मुलीशी तर हा विषय कुणी काढतच नाही. केमो चालू असताना पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात, म्हणून साधन वापरायलाच हवं. आणि अंगात त्राण नसताना 'नको' म्हणायचा हक्क तर कोणत्याही औषधाआधीचा आहे.

स्तनाच्या कॅन्सरनंतर अनेकींना टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षं किंवा त्याहून जास्त घ्यावी लागते. अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, झोप उडते, कोरडेपणा येतो. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांनी सांधे धरतात, हाडं ठिसूळ होतात. कितीतरी जणी कुणाला न सांगता गोळी बंद करतात, आणि आजार परतण्याचा धोका वाढतो. वाफांवर संप्रेरकाविनाची औषधं आहेत, कोरडेपणावर पाण्यात मिसळणारी वंगणं आहेत, एक गोळी सोसली नाही तर दुसरी देता येते. टॅमॉक्सिफेन घेताना पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावरून गेलं किंवा एका पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली, तर मात्र लगेच दाखवायचं.

हे सगळं सांगितल्याने फक्त बरं वाटतं असं नाही. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर रुग्णालयात ७६६ पेशंटवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली आले. शरीरात पसरलेल्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या या पेशंटपैकी काहींना आपले १२ त्रास नेमाने स्वतः नोंदवायला सांगितलं. त्रास वाढला की निरोप नर्सकडे जाई आणि ती लगेच काहीतरी करी. बाकीच्यांना नेहमीचे उपचार, नेहमीचं 'कसं काय?'. नोंद करणारे मध्यमान ३१ महिने जगले, इतर २६. नवं औषध नाही, नवं यंत्र नाही. पेशंटने सांगितलं, कुणीतरी ऐकलं आणि हालचाल केली, एवढ्याने सुमारे पाच महिन्यांचा फरक. 'सहन कर' म्हणणाऱ्या प्रत्येकासमोर हा आकडा ठेवायला हवा.

मग आपण मागायचं काय? केमो देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने पेशंटला मराठीत, मोठ्या अक्षरात छापलेला एक कागद द्यावा: काय होईल, काय करावं, काय झालं तर धावत यावं. रात्री उचलला जाईल असा एक फोन असावा. आत, आडोशाला, बाई बाईशी बोलू शकेल अशी जागा आणि त्यासाठी नेमलेली नर्स असावी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार होत असतील तर उलटीची, तोंडाची, पांढऱ्या पेशी वाढवण्याची औषधं त्यात मिळणार की बाहेरून आणावी लागणार, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा आणि उत्तर लिहून घ्या. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे-केअर केंद्रं उघडण्याची घोषणा झाली. जिल्ह्याला केमो आली, तर परळच्या फुटपाथवर दिवस काढावे लागणार नाहीत, ही आनंदाची गोष्ट. पण दुपारी चारला सलाईन संपवून बाईला एस.टी.त बसवून दिलं आणि दहाव्या दिवशी ताप आला तेव्हा तालुक्याच्या दवाखान्याने 'मोठ्या ठिकाणी न्या' म्हटलं, तर ते केंद्र अर्धंच झालं. या मागण्या आपल्या आहेत. त्या फक्त डॉक्टरांच्या नाहीत.

आणि आपल्या हातात आहे ते आजपासून. प्रत्येक मंडळाने, बचत गटाने आपल्या वस्तीत उपचार घेणाऱ्या बाईमागे दोघीजणी उभ्या कराव्यात. एकीने तिच्यासोबत जावं आणि एक वही ठेवावी: तारीख, ताप, उलट्या, जुलाब, झोप, दुखणं, आणि जे बोलायला जड जातं तेही. डॉक्टरांसमोर ती 'बरं आहे' म्हणाली, तर हिने वही उघडावी. दुसरीने घरी थांबावं, पाणी भरावं आणि घरातल्या पुरुषांना उद्या ते कसं भरायचं हे शिकवून यावं. जमेल तशी रोज थोडी चाल तिला घडवावी; केमोचा थकवा नुसत्या पडून राहण्याने जात नाही, रोजच्या थोड्या चालण्याने तो कमी होतो.

ज्या मैत्रिणी या वाटेवरून गेल्या आहेत त्यांनी आम्हाला लिहावं. काय उपयोगी पडलं, काय कुणी सांगितलं नाही, काय मागूनही मिळालं नाही. पुढच्या अंकात ती पत्रं छापू आणि त्यांतूनच तो मराठी कागद तयार करू. रुग्णालयांनी तो छापला तर उत्तमच. नाही छापला, तर आपण छापून त्यांच्या दारात वाटू.

सस्नेह,
संपादक मंडळ